वेइयोची टकटक

वेइयो केम्पाइनेन दिवसाकाठी किती शब्द बोलतो, याची हिएतावारा गावात एकदा खरोखरच मोजणी झाली होती. शाळेच्या बसमधल्या पोरींनी मागच्या काचेवरच्या दवात बोटानं रेघा ओढल्या. सकाळी साडेसातपासून दुपारी तीनपर्यंत अकरा रेघा भरल्या, आणि त्यातल्या चार रस्त्यात आडव्या आलेल्या रेनडिअरना उद्देशून होत्या. गावानं हे ऐकून नुसती मान डोलावली. उत्तरेकडच्या काइनूच्या जंगलात कमी बोलणं हा काही दुर्गुण नव्हे. पण वेइयोनं जरा अतीच केलं होतं, असं त्याच्या बायकोचं मत पडलं आणि ती ओउलूला निघून गेली, त्याला आता सतरा वर्षं झाली. निघण्याआधी ती तासभर भांडली, तेही एकटीच.

माणूस मात्र हाडाचा कामसू. सकाळ-दुपार बस हाकायची, हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ बाजूला सारायचं, आणि वर गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाचं प्रमुखपद सांभाळायचं. दल म्हणजे चौदा माणसं, एक बंब आणि एक पाण्याचा टँकर. शहरातल्या पगारी बंबाला गावात पोचायला पन्नास मिनिटं लागतात. तोवर जे काही करायचं ते या चौदा जणांनी. बावीस वर्षं वेइयो त्यांचा प्रमुख होता आणि या काळात दलातल्या एकाही माणसाला साधं खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. याचा त्याला अभिमान होता. तो बोलून दाखवत नसे, पण होता.

वायरलेसवर बडबड त्याला अजिबात खपत नसे. "हे कॉफीचं टेबल नाही," एवढं एकच वाक्य तो नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगे. मग टकटक शिकवे. कुणी काही विचारलं आणि उत्तर 'हो, कळलं, ठीक आहे' एवढंच असेल, तर तोंड उघडायचं नाही. बोलायचं बटण दोनदा झटकन दाबून सोडायचं. जुन्या, विटेएवढ्या जड संचांवर त्याचा बारीक आवाज सगळ्यांना ऐकू येई, टक् टक्, आणि दाबणाऱ्याचा क्रमांक पडद्यावर चमकून जाई. ही पद्धत कुठल्या पुस्तकात नव्हती. शहरातले अधिकारी नाक मुरडत. पण हिएतावाराचं दल त्यावर वीस वर्षं चाललं.

टकटक कुणाची हे क्रमांक न बघता ओळखणारा एकच माणूस होता, ओइवा हेइक्किनेन. वेइयोचा शेजारी, शाळेपासूनचा सोबती, दलाच्या बंबाचा ड्रायव्हर. तळ्याकाठच्या त्याच्या सौन्यात, म्हणजे वाफेच्या खोलीत, दर शनिवारी दोघं शेजारी शेजारी घाम गाळत बसायचे. चाळीस वर्षं हा नेम चालला. ओइवा बोलायचा, वेइयो ऐकायचा. ओइवाची बायको हेल्वी बाहेरून हाक मारायची, "आत दोघं आहात की एक? एकाचाच आवाज येतोय कधीचा." ओइवा स्वभावानं काळजीखोर. मोटार बंद करून घरात गेला की परत येऊन बघणारा. दलातल्या नव्या पोरापोरींना तो हसत हसत सांगायचा, "सगळं जग गप्प बसलं तरी हरकत नाही. पण वेइयोची टकटक आली नाही, तर समजायचं तो मेलाय."

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये नवे संच आले. सरकारनं पोलीस, रुग्णवाहिका आणि बंबवाले यांच्यासाठी नवं वेगवान जाळं उभारलं होतं. लोकांच्या फोनांची कितीही गर्दी होवो, यांची वाट राखीव. काचेचा पडदा, त्यावर नकाशा, आगीचे फोटो, चालतं चित्रसुद्धा थेट अधिकाऱ्यापर्यंत पोचणार. जुने संच खोक्यात भरून शहरात परत गेले. नवे कसे वापरायचे ते शिकवायला ओउलूहून एक चुणचुणीत माणूस आला, आणि बंबघरात अख्खा शनिवार शिकवणी ठेवली.

वेइयो यजमान. आलेल्यांना खाऊ घालणं त्याचं काम, म्हणून त्यानं अंगणात शेगडी पेटवली होती. पहिला तासभर तो आत बसला. हा नकाशा, प्रत्येक माणूस त्यावर निळा ठिपका म्हणून दिसणार, असं शिकवणारा सांगत होता. वेइयोनं आपल्या संचावरची ती सोय तिथल्या तिथे बंद केली.

"का हो?" शिकवणाऱ्यानं विचारलं.

"गळ्यात पट्टा रेनडिअरला बांधतात," वेइयो म्हणाला.

बंबघर हसून लोटपोट झालं. चार शब्दांत एवढा मोठा हशा त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच मिळवला होता, आणि पुढं कितीतरी दिवस दुकानात, पेट्रोल पंपावर हे वाक्य फिरत राहिलं. त्या हशातच वेइयो उठून बाहेर शेगडीकडे गेला. थोड्या वेळानं त्यानं खिडकीवर बोट वाजवून ओइवालाही बोलावून घेतलं.

"अरे, तो महत्त्वाचं सांगतोय बहुतेक," ओइवा चिमटा हातात घेत म्हणाला.

"सॉसेज जळतील."

त्याच दहा मिनिटांत आत शिकवणारा सांगत होता की बटण दाबून धरायचं, 'टुं' असा सूर येईपर्यंत थांबायचं आणि मग बोलायचं. त्याहून छोटं दाबणं यंत्र चुकून लागलेला धक्का समजतं आणि टाकून देतं, म्हणजे खिशातल्या खिशात बटण दाबलं जाऊन वाट अडायला नको. आत बसलेल्या बारा जणांनी ते ऐकलं. बाराही जण पुढं शहाण्यासारखे बटण धरून बोलू लागले. वेइयोला सांगायचं कुणाच्या मनात आलं नाही. बावीस वर्षांच्या प्रमुखाला बटण कसं दाबायचं ते काय शिकवायचं? हजेरीच्या कागदावर मात्र चौदा सह्या होत्या. ओइवाची सही वेइयोच्या खाली होती, आणि तिच्यावर तेलाचा डाग होता.

मे आणि जूनमध्ये दोनच वेळा भोंगा वाजला. एकदा मोटार चरात गेली, एकदा कचऱ्याचा डबा पेटला. दोन्ही वेळा सगळे समोरासमोर उभे होते. वेइयोनं टकटक केली असेल-नसेल, कुणाचं लक्ष नव्हतं. त्याच्या हातात मात्र नवा संच दर दाबण्याला हलकेच थरथरायचा. थरथरला म्हणजे गेलं, अशी त्याची खात्री होती.

जुलैत तीन आठवडे पाऊस नव्हता. चौदा तारखेला दुपारी पावसाविना कोरडी वीज पडली आणि काळ्या तळ्यामागचं दलदलीकाठचं जंगल पेटलं. तिथली जमीन वाईट. वरून काळी माती दिसते, पण ती शतकानुशतकं कुजलेल्या शेवाळाची असते आणि वाळली की आतून जळते. आग मुळांपर्यंत उतरते, झाड वरून हिरवंगार दिसत राहतं आणि मग एकदम आडवं होतं. पडताना कडकड आवाजही करत नाही, कारण मोडायला मुळं उरलेलीच नसतात.

शहरातून रीक्का तोलोनेन ही अधिकारी आली. चाळिशीची, चटपटीत, आवाज ठणठणीत. तिनं गाडीच्या बॉनेटवर नकाशाची पाटी मांडली आणि सूत्रं हातात घेतली. वेइयो आत चराकाठी पंपावर होता. तिथं एकाच माणसाचं काम होतं. दोनच्या सुमाराला वारा फिरला आणि रीक्कानं सगळ्यांना रस्त्यावर बोलावलं. वेइयोनं पंप बंद केला. गडबडीत उजव्या हाताचा मोजा तिथंच राहिला. तो जुन्या पायवाटेनं सरळ बाहेर पडला. ती वाट वळणाच्या पलीकडे निघते, जिथं टँकर उभा होता. बाकीची माणसं वळणाच्या अलीकडे, अर्ध्या किलोमीटरवर. मध्ये धूर. वेइयो टँकरच्या चाकाला टेकून बसला आणि थर्मासमधली कॉफी ओतून घेतली.

संचातून रीक्काचा आवाज आला, "एक-चार, रस्त्यावर आलात का?"

एक-चार म्हणजे वेइयो. त्यानं बटण दोनदा दाबलं. संच दोनदा थरथरला.

"एक-चार, ऐकू येतंय का? रस्त्यावर आहात का?"

ही शहरातली माणसं बहिरी असतात, असं त्याच्या मनात आलं. त्यानं पुन्हा दोनदा दाबलं, जरा जोरात.

मग ओइवाचा आवाज आला. "वेइयो? अरे, आहेस ना?"

वेइयो त्या वेळी हसला होता. हे त्यानं नंतर स्वतःच सांगितलं, न विचारता. याची काळजी काही जायची नाही, असं मनात म्हणत तो हसला, आणि त्यानं तिसऱ्यांदा टकटक केली. मग उरलेली कॉफी प्यायला. बारा मिनिटं तो तिथं बसून होता.

टँकर घ्यायला रीक्का स्वतः गाडी घेऊन वळणावर आली आणि त्याला बघून तिनं करकचून ब्रेक दाबला.

"केम्पाइनेन? तुम्ही इथं?"

"मग कुठं असणार?"

"कधीपासून?"

"पहिल्यांदा विचारलंत तेव्हापासून. सांगितलं की."

"काय सांगितलंत? एक अक्षर आलं नाही तुमच्याकडून." तिचा चेहरा उतरला. "तो तुमचा ड्रायव्हर म्हणाला, टकटक आली नाही, तो पडलाय कुठंतरी. मी म्हटलं, कसली टकटक? थांबा, दोघं जोडीनं पाठवते. जोडीला दुसरा कोण जातो ते विचारायला मी पाठ वळवली आणि तो गेला होता."

वेइयोनं बटण दाबलं आणि या वेळी सोडलं नाही. दाबून धरलं, तेव्हा त्याला तो सूर पहिल्यांदा ऐकू आला. टुं. तेवढ्यात त्याला सगळं कळलं. "ओइवा," तो म्हणाला. "ओइवा, मी रस्त्यावर आहे. मागं फिर. ओइवा, ऐकतोयस का, मी बाहेर आहे रे." वळणाच्या अलीकडे उभ्या असलेल्या बारा जणांनी आपापल्या संचावर हे ऐकलं. आपल्या प्रमुखाला इतकं बोलताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. ओइवाकडून उत्तर आलं नाही.

पावणेचारला तो सापडला, पंपापासून पंधरा पावलांवर, एका आडव्या झालेल्या हिरव्यागार पाइनखाली. त्याच्या मुठीत वेइयोचा मोजा होता.

गावानं आपला निवाडा आठवड्याभरात करून टाकला. नव्या जाळ्यानं माणूस मारला. जुने संच बरे होते, ते का काढून घेतले? मनोरे भर उन्हात बंद पडले असणार, कुणाला तरी ठेका मिळाला असणार. वर्तमानपत्रात पत्रं छापून आली. बंबघरात सभा झाली, आणि आयुष्यात कधी आगीच्या जवळ न गेलेल्या माणसांनीही टेबलावर मुठी आपटल्या. वेइयो मागच्या बाकावर बसला होता. येणारा-जाणारा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होता, "तू उत्तर दिलंस आणि ते पोचलं नाही. तू काय करणार?" यात शब्दानंही खोटं काही नव्हतं. तोच तर पेच होता.

हेल्वी दर दोन दिवसांनी त्याच्या दारी येऊन कोबी-खिम्याचं भाजलेलं पातेलं ठेवून जायची. नवरा गेलेली बाई, तिला गावानं जेवण पोचवायचं. इथं तीच याला पोचवत होती. "तू खात नाहीस असं ऐकलं," ती म्हणायची. ऑगस्टच्या शेवटी ती दारात थांबली.

"हेलसिंकीचा तो चौकशीवाला गुरुवारी येतोय ना? त्याला नीट सांग, वेइयो. एरवीसारखा गप्प बसू नकोस. म्हणावं, मी तीनदा उत्तर दिलं. तुमच्या यंत्रानं गिळलं. माझ्या ओइवासाठी एवढं कर."

वेइयोनं मान हलवली. पातेलं त्यानं तसंच कुत्र्यापुढं ठेवलं.

चौकशी अधिकारी सुंडक्विस्ट हा मऊ आवाजाचा, चष्मा पुसत बोलणारा गृहस्थ. बंबघरातल्या टेबलावर त्यानं एक लांबलचक कागद पसरला. यंत्रानं टाकून दिलेलंही सगळं यंत्राला आठवत होतं.

"मनोरे पूर्ण वेळ चालू होते," तो म्हणाला. "जाळ्यात बिघाड सापडला नाही. पण हे बघा. चौदा वाजून सात मिनिटं, तुमचा संच, दोन छोटे धक्के. आठव्या मिनिटाला दोन. दहाव्याला दोन. एक सेकंदसुद्धा नाही, म्हणून पुढं गेले नाहीत." त्यानं चष्मा पुसला. "खिशात दाबलं गेलं असणार, नाही का? धुरात माणसाला भोवळ येते, ऐकू येत नाही. तसं असेल तर तसं लिहू. तुमच्याकडं बोट दाखवायला मी आलेलो नाही."

वेइयोला मोकळं दार दिसलं. फक्त 'हो' म्हणायचं होतं. हो म्हटलं की तो भोवळ आलेला बिचारा माणूस ठरणार, गाव जाळ्याला शिव्या देत राहणार, आणि हेल्वी पातेलं घेऊन येत राहणार. 'हो' तर त्याला टकटक करूनही सांगता आलं असतं. त्याचं बोट टेबलाच्या कडेवर उचललंसुद्धा गेलं. त्यानं ते मुठीत धरलं.

"खिशात नव्हता," तो म्हणाला. "हातात होता. ते मी बोलत होतो."

मग तो बोलला. टकटक कुणी सुरू केली, कुणाकुणाला शिकवली, शिकवणीच्या दिवशी शेगडीवर काय होतं, ओइवाला खिडकीतून कुणी बोलावलं, निळा ठिपका कुणी आणि कुठला विनोद करून बंद केला, कॉफी किती प्यायला. पाऊण तास तो बोलत होता आणि सुंडक्विस्ट लिहीत होता. शेवटी सुंडक्विस्टनं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, हे सगळं अहवालात घालू का? "घाला," वेइयो म्हणाला. बाहेर उभ्या असलेल्या माणसांना काचेतून फक्त त्याचे ओठ हलताना दिसत होते, आणि प्रमुखानं अखेर त्या हेलसिंकीवाल्याला चांगलं खडसावलं, असं समजून ती खूश होती.

तिथून तो तडक हेल्वीकडे गेला. दुसऱ्या कुणाकडून तिला कळू द्यायचं नव्हतं. ती अंगणात दांडीवर टाकलेला गालिचा काठीनं झटकत होती.

"सांगितलंस?" तिनं विचारलं.

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"जाळं चालू होतं, हेल्वी. पहिल्यापासून शेवटपर्यंत चालू होतं. मी बोललो नव्हतो. टकटक केली होती. नव्या संचावर ती जात नाही. त्या दिवशी आत सांगत होते. मी बाहेर होतो. ओइवालाही मीच बाहेर बोलावलं होतं."

हेल्वीच्या हातातली काठी थांबली. शेजारच्या तळ्यावर कुणीतरी होडी वल्हवत होतं.

"ओइवानं तुला हाक मारली होती," ती म्हणाली. "नावानं. ते मला बाकीच्यांनी सांगितलंय. ती ऐकू आली होती तुला?"

"आली होती."

"स्पष्ट?"

"स्पष्ट."

"आणि तोंड होतं तुला."

"होतं."

"काय म्हणायला हवं होतं?"

वेइयोला प्रश्न कळला नाही.

"सोपं विचारतेय. त्यानं हाक मारली. तू काय म्हणाला असतास, म्हणजे तो गेला नसता?"

"रस्त्यावर आहे. एवढंच."

"म्हण मग."

"हेल्वी..."

"म्हण."

"रस्त्यावर आहे," वेइयो म्हणाला.

"मोठ्यानं. तो अर्ध्या किलोमीटरवर होता."

वेइयोनं छाती भरून श्वास घेतला. "मी रस्त्यावर आहे," तो ओरडला. होडीतल्या माणसानं वल्हं थांबवून इकडे पाहिलं. "मी रस्त्यावर आहे, ओइवा."

हेल्वीनं गालिचा दांडीवरून उतरवला, घडी घातली आणि दारापाशी गेली. तिथं ती वळली.

"ऐकू आलं," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.